मेंदूचा पक्षाघात आणि अस्थिशल्यचिकित्सा

जन्मसमयी बालकाच्या मेंदूस पोहोचलेली इजा आणि पुढे त्याच्या हातापायांत दिसणारा ताठरपणा यांचा संबंध विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे विस्ताराने मांडला. लिटल यांचे स्वतःचे वाकडे पाऊल १८३६ मध्ये हॅनोव्हर येथे स्ट्रोमायर यांनी टाचेची कंडरा छेदून सरळ केले होते. तीच कंडरा या विकारातही शल्यचिकित्सेचा प्रमुख विषय ठरली. परंतु येथे प्रश्न इतका सरळ नाही.

मेंदूच्या पक्षाघातात, म्हणजेच सेरेब्रल पाल्सीत, मेंदूतील मूळ इजा वाढत नाही. अस्थी व स्नायू यांतील विकृती मात्र वयाबरोबर वाढत जाते. हाड वाढते, पण ताठर स्नायू त्याच्या बरोबरीने लांबत नाही. मांडीच्या हाडास जन्मतः असलेला पीळ निरोगी मुलांत हळूहळू कमी होतो. या मुलांत तो पुष्कळदा टिकून राहतो आणि चालताना गुडघे आत वळतात. शस्त्रक्रियेचे क्षेत्र ही दुय्यम विकृती होय. मूळ व्याधी तिच्या आवाक्याबाहेर आहे.

चवड्यांवर चालणाऱ्या मुलाचे उदाहरण घेऊ. पोटरीचा वरचा स्नायू, गॅस्ट्रोक्नीमियस, गुडघा व घोटा हे दोन्ही सांधे ओलांडतो. त्याखालील सोलियस केवळ घोटा ओलांडतो. गुडघा वाकविला असता पाऊल वर येते, पण सरळ ठेविला असता येत नाही, असे आढळल्यास दोष पहिल्या स्नायूचा समजावा. ही परीक्षा सिल्व्हरशोल्ड यांच्या नावाने ओळखली जाते. हा भेद न करता टाचेची सबंध कंडरा अवाजवी लांबविली, तर सोलियस दुबळा होतो. उभे राहताना नडगीस पुढे झुकू न देणे हे त्याचेच कार्य असल्याने गुडघे वाकू लागतात. टाच भूमीस टेकते खरी. परंतु शरीराचा भार वाढल्यावर किशोरवयात तेच मूल वाकून चालू लागते आणि प्रसंगी चालणेच गमावते.

पूर्वी घोटा, गुडघा व खुबा यांवर वर्षावर्षाच्या अंतराने निरनिराळ्या शस्त्रक्रिया होत. मुलाचा प्रत्येक वाढदिवस रुग्णालयात जाई, म्हणून टोरांटोचे मर्सर रँग यांनी या प्रकारास ‘वाढदिवसाचा रोग’ असे उपहासाने संबोधले. आता चालीचे यांत्रिक मापन करून सर्व पातळ्यांवरील दोष एकत्रित पाहिले जातात, आणि कंडरा लांबविणे, तिची जागा बदलणे व पीळ पडलेले हाड फिरवून बसविणे ही कामे शक्यतो एकाच वेळी केली जातात. चाल स्थिरावल्यानंतरचे, साधारणतः ६ ते १२ वर्षांचे वय यासाठी योग्य मानतात.

कॅनडात तयार झालेल्या व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंचस्तरीय वर्गीकरणाने मुलाची हालचालीची क्षमता ठरविली जाते. वरच्या स्तरांतील मुलांत चाल सुधारणे हा हेतू असतो. पाचव्या स्तरातील मुलांत खुबा निखळू न देणे आणि वेदनारहित बसता येणे हाच हेतू असतो. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून खुब्याची नियमित क्ष-किरण तपासणी व वेळीच उपचार होऊ लागल्यावर खुबा पूर्ण निखळण्याचे प्रमाण अत्यल्प झाले.

शस्त्रक्रियेनंतर काही महिने मूल पूर्वीपेक्षा अशक्त दिसते. फळ दिसण्यास वर्षभराचा व्यायाम लागतो आणि स्तर सहसा बदलत नाही. यास्तव शस्त्रक्रियेतून काय साधेल आणि काय साधणार नाही, हे पालकांस आधीच स्पष्ट सांगणे हा चिकित्सेचाच भाग होय.