दोन टक्क्यांचा कायदा आणि कोरेगावची पेठ

बडी कंपनी शाळेला खोली बांधून देते आणि शाळेपेक्षा स्वतःचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवते. ते पाहून आपला दुकानदार म्हणतो, ‘हे श्रीमंतांचे काम, आपला काय संबंध?’ कायद्यापुरते ते खरे आहे. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून जास्त असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातून किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. आपल्या बागवानाला, पिंजाऱ्याला किंवा वेल्डिंगवाल्याला हे बंधन नाही.

धंदा टिकण्याचा प्रश्न मात्र सर्वांनाच आहे. कोरेगावच्या पेठेतला पैसा भोवतालच्या शेतांतून येतो. आले आणि घेवडा चांगला आला (येथल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे) की कापड खपते, लग्नाच्या गाद्या भरल्या जातात, अवजारांना धार लावायला माणसे येतात, उधारी वसूल होते. विहीर आटली की तोच शेतकरी नियत साफ असूनही पैसे देऊ शकत नाही. त्याच्या विहिरीचे पाणी आपल्या खातेवहीत उतरते ते असे.

या तालुक्यातल्या वेळू गावाने २०१६ च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक आणि ५० लाखांचे बक्षीस मिळवले. दुष्काळाचे वर्ष होते. गावकऱ्यांनी श्रमदानाने चर खणले, पाणी अडवले. अशा संस्थेमागे मोठ्या उद्योगसमूहांच्या व न्यासांच्या देणग्या असतात, त्यातून प्रशिक्षण उभे राहते. पण उन्हात टिकाव मारला तो गावाने. नुसत्या धनादेशाने चर खणला जात नाही, हे कंपन्यांनीही लक्षात घ्यावे. आणि अडवलेले सगळे पाणी उसाला पाजले, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टँकर आहेच.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील, ‘आम्ही जकात देतो, ती २ नव्हे, अडीच टक्के.’ अल्लाह कबूल करो. पण जकात ही इबादत आहे. ती नफ्यावर नसून निसाब पूर्ण झाल्यावर रोकड व व्यापारी मालावर आहे, आणि तिचे हकदार कुरआनने ठरवून दिले आहेत. बंधाऱ्याचा खर्च तिच्यात धरण्यापूर्वी आलिमांना विचारावे. सदक्याची वाट मोकळी आहे. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांनी आईच्या नावे विहीर खोदली, हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतोच.

आणखी एक गोष्ट. कंपनीने फक्त स्वतःच्या कामगारांच्या भल्यासाठी केलेला खर्च या २ टक्क्यांत धरला जात नाही. छोट्या धंद्यात मात्र सुरुवात तिथूनच व्हावी असे आम्हाला वाटते. कारागिराची मजुरी थकवून मशिदीला पंखे देणाऱ्याचा कारागीर टिकत नाही, आणि कारागीर गेला की गिऱ्हाईकही त्याच्यामागे जाते. मापात मारणाऱ्यांविषयी सूरह मुतफ्फिफीनमध्ये काय आले आहे, ते वेगळे सांगायला नको.

उन्हाळ्यात जवळच्या गावात श्रमदान निघाले, तर शिकलगाराने आठवडाभर टिकाव-पहारींना फुकट धार लावून द्यावी, वेल्डिंगवाल्याने फुटकी घमेली जोडून द्यावीत. खर्च कोळशाचा आणि विजेचा.