हेरकथेचे नियमांत रूपांतर : ‘गोल्डनआय ००७’ या व्हिडिओ गेमची खेळरचना

प्रस्तावना
व्हिडिओ गेमविषयीची शैक्षणिक चर्चा बहुधा पडद्यावर दिसणाऱ्या हिंसेपुरती मर्यादित राहते. परंतु खेळ काय दाखवितो याबरोबरच तो खेळाडूकडून काय करवून घेतो, हेही तपासणे आवश्यक आहे. आणि ही बाब कथानकापेक्षा नियमांवर अधिक अवलंबून असते. प्रस्तुत लेखात ‘गोल्डनआय ००७’ या खेळाच्या आधारे या मुद्द्याचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी
इंग्लंडमधील ‘रेअर’ या संस्थेने मार्टिन हॉलिस यांच्या दिग्दर्शनाखाली हा खेळ ‘निन्टेंडो ६४’ या यंत्रासाठी तयार केला. १९९५ मधील जेम्स बाँडपटावर आधारित हा खेळ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. २०२३ मध्ये तो नव्या यंत्रांवर पुन्हा उपलब्ध झाला. नायकाच्या डोळ्यांनी दृश्य पाहत नेम साधावयाचा, असा हा ‘फर्स्ट पर्सन शूटर’ प्रकार आहे. या प्रकाराला लोकप्रियता मिळवून देणाऱ्या ‘डूम’ (१९९३) या खेळात शत्रूंचा सामना करीत, किल्ल्या शोधून बाहेर पडण्याचा मार्ग गाठणे हेच मुख्य कार्य होते.

काठिण्यपातळी आणि उद्दिष्टे
‘डूम’मध्ये काठिण्य वाढते ते मुख्यतः शत्रूंची संख्या वाढवून. ‘गोल्डनआय’मध्ये शत्रू अधिक घातक होतातच, पण त्याबरोबर कार्यही बदलते. ‘एजंट’, ‘सीक्रेट एजंट’ व ‘००एजंट’ अशा तीन पातळ्या येथे आहेत. धरणावरील पहिल्या मोहिमेत प्राथमिक पातळीवर धरणावरून दोरीच्या साहाय्याने उडी घेणे एवढेच उद्दिष्ट असते. मधल्या पातळीवर त्याआधी सर्व धोक्याच्या घंटा निकामी कराव्या लागतात. सर्वोच्च पातळीवर गुप्तपणे मोडेम बसविणे व माहितीची प्रत हस्तगत करणे यांची भर पडते. जागा तीच, पण पूर्वी ज्या खोल्या ओलांडून जाता येत होत्या त्या आता शोधाव्या लागतात. प्रश्नपत्रिका कठीण करताना केवळ वेळ कमी करणे आणि अधिक सखोल प्रश्न विचारणे यांतील भेद अध्यापकांना परिचित आहे. येथे दुसऱ्या मार्गालाही स्थान दिले आहे.

संयमाची सक्ती
बंदुकीचा आवाज ऐकून पहारेकरी धावून येतात. त्यामुळे आवाज दाबणारे पिस्तूल व मोजक्या गोळ्या उपयोगी ठरतात. काही ठिकाणी पहारेकरी धोक्याची घंटा वाजविण्यासाठी धावतात. एकदा गमावलेली प्राणशक्ती त्या मोहिमेत परत मिळत नाही. चिलखत सापडल्यास तेवढाच आधार. रासायनिक प्रकल्पातील मोहिमेत शास्त्रज्ञांची जीवितहानी मर्यादित ठेवावी लागते. कोणावर गोळी झाडू नये हे ठरविणे, हा अशा रीतीने कौशल्याचाच भाग होतो. उद्दिष्ट अपुरे ठेवून शेवट गाठला तरी मोहीम अयशस्वीच ठरते.

मर्यादा
तथापि, हा संयम नैतिक नसून उपयुक्ततेपुरता आहे. मोहिमेअखेरच्या तक्त्यात नेमबाजीची अचूकता व ठार केलेल्यांची संख्या नोंदविली जाते. पहारेकऱ्यांना मारल्याबद्दल कोणताही दंड नाही. चार खेळाडूंनी विभाजित पडद्यावर खेळावयाच्या प्रकारात मोहिमेची उद्दिष्टे नसतात व तेथे केवळ परस्परांवरील नेमबाजी उरते. पात्रे व शस्त्रे तीच असूनही, नियम बदलताच हेरगिरीचा आशय लोप पावतो.

समारोप
एकाच खेळातील या दोन रूपांवरून असे दिसते की, खेळाचा आशय त्याच्या चित्रांतून पूर्णपणे वाचता येत नाही. विद्यार्थ्यांच्या हाती असलेल्या खेळाचे मूल्यमापन करताना तो कशाला यश मानतो, कशाला अपयश मानतो आणि कशाकडे दुर्लक्ष करतो, हे तीन प्रश्न प्रथम विचारणे उचित ठरेल. अशा तपासणीतून खेळाचे गुण जसे स्पष्ट होतील, तसेच त्याचे दोषही अधिक नेमकेपणाने दाखविता येतील.