पंधराच्या आधीची रेघ

सकाळी ९.३०

दिवाळी तोंडावर आली की आमच्या विशेष शाळेतल्या पूर्व-व्यावसायिक वर्गाचा कारखाना होतो. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून साध्या पणत्या आणायच्या, रंगवायच्या, सहा-सहा करून डब्यांत भरायच्या. शिवाय उटण्याच्या पुड्या, भेटपाकिटं, आकाशकंदील. माल करण्यात मुलं कुणाला हार जात नाहीत. अडतं ते विक्रीला. स्टॉलवर मूल बसतं, शेजारी बाई उभ्या राहतात आणि गिऱ्हाइकाशी हिशेब बाईच करतात. मूल नुसतं हसतमुख. यंदा गल्ला मुलांनीच सांभाळायचा असं ठरवलंय, म्हणून कॅल्क्युलेटरचा तास रोज.

मुलांची रिक्षा यायच्या आत यंत्रं तपासते. मोठ्या बटणांचे, दुकानात असतात तसले बारा आकडी कॅल्क्युलेटर. टक्का, वर्गमूळ, एम प्लस, जीटी या सगळ्यांवर पुठ्ठा चिकटवलाय. उघडे ठेवलेत फक्त आकडे, अधिक, वजा, बरोबर आणि पुसायचं बटण. पुसायच्या बटणावर लाल टिकली, बरोबरवर हिरवी. टिकल्या म्हणजे खरोखरच्या, कपाळाला लावायच्या. घामाने सुटतात, पण पाकीट स्वस्त मिळतं आणि मुलांना रंग चटकन लक्षात राहतो.

१०.१५

प्रार्थना, हजेरी, आज वार कोणता, काल कोणता होता. मुलं चौदा ते अठरा वयाची. यातल्या बहुतेकांनी हातच्याची बेरीज वर्षानुवर्षं गिरवली आहे. काहींना ती येते, पण वहीत. भाजीवाल्यासमोर येत नाही. हातचा शिकवण्यात आणखी दोन वर्षं घालवायची की तेवढ्या वेळात कुठली नोट काढायची आणि किती परत मागायचे हे शिकवायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे. कोपऱ्यावरचा वाणी तरी कुठे तोंडी करतो आता? तोही कॅल्क्युलेटर गिऱ्हाइकाकडे फिरवून दाखवतोच.

११.००

बेरीज. भिंतीवर पायऱ्यांची चित्रं: लाल टिकली, पहिली किंमत, अधिक, दुसरी किंमत, हिरवी टिकली. पणत्यांचा डबा ६०, उटणं ३०, पाकिटं २५. दर ठरवताना कुणीतरी ५९ आणि २९ सुचवलं होतं, मॉलमध्ये असतात म्हणून. मी ते हाणून पाडलं.

लाल टिकली विसरली की आधीच्या मुलाचा हिशेब पुढच्याच्या डोक्यावर बसतो. दुसरी गंमत हिरव्या टिकलीची. एका मुलाला ती दोनदा दाबायची सवय आहे, दाराची बेल वाजवावी तशी. ६० अधिक ३०, बरोबर, ९०. पुन्हा दाबलं की १२०, कारण हे यंत्र शेवटची क्रिया परत करतं. ‘‘बाई, वाढलं बघा की!’’ त्याला याचा आनंदच होतो. आता हिरवी दाबली की लगेच दोन्ही हात टेबलावर ठेवायचे, अशी सहावी पायरी चित्रांत घातली आहे.

सगळ्यात चिवट चूक मात्र यंत्राची नाही. मी ‘‘पंचेचाळीस’’ म्हणते आणि पडद्यावर ५४ येतात. आपण पाच आधी उच्चारतो आणि चार आधी लिहितो. मूल कानाने ऐकतं त्या क्रमाने बटण दाबतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढी थट्टा झाली होती. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत राहिल्या. मी तेव्हा कुठल्याच बाजूला नव्हते. आता या वर्गात रोज पंचेचाळीसचे चोपन्न होताना पाहते आणि त्यांची बाजू घ्यावीशी वाटते.

आम्ही त्यातून काढलेली वाट साधी आहे: किंमत ऐकायची नाही, बघायची. प्रत्येक मालाला मोठं कार्ड, त्यावर कॅल्क्युलेटरवर असतात तेच आकडे. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ यांच्यात आमची निम्मी मुलं अडखळतात, त्यामुळे कार्डावर तरी एकच लिपी. नोटांवर दोन्ही आकडे असतात, पण नोटा मुलं रंगावरून ओळखतात: जांभळट शंभर, निळी पन्नास, पिवळसर दोनशे.

१२.३०

डबे. एका मुलीचे वडील आले होते, डबा विसरला म्हणून. जाता जाता म्हणाले, ‘‘मॅडम, यंत्राची सवय लागली तर डोकं कसं चालणार?’’ मी त्यांना वर्गात बोलावून लेकीसमोर ६० आणि २५ ची कार्डं ठेवली आणि विचारलं, ‘‘पन्नासची नोट पुरेल?’’ तिने यंत्राला हात लावायच्या आधीच मान हलवली. पुरेल की नाही, हे आम्ही बटण दाबण्यापूर्वी विचारतो. डोकं तिथे लागतं. वडील थोडे गप्प झाले, पटलं असेल असं मात्र नाही.

१.३०

वजाबाकी. आधी गिऱ्हाइकाने दिलेले, मग वजा, मग झालेले. दिलेले पैसे पिवळ्या ताटलीत ठेवायचे आणि हिशेब होईपर्यंत गल्ल्यात टाकायचे नाहीत, हा पक्का नियम. एकदा नोट गल्ल्यात गेली की शंभर दिले की पाचशे, याला साक्षीदार उरत नाही.

आमच्यातला सगळ्यात उंच मुलगा नेहमी उलटं करतो. झाले ८५, दिले १००. तो ८५ वजा १०० करतो. पडद्यावर १५ येतात आणि त्यांच्या आधी एक बारीक रेघ. तो दहाची नोट आणि पाचचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवतो. पैसे बरोबर! शेजारच्या बाई म्हणतात, चूक ती चूक, क्रम पाहिजेच. नियमाने पाहिलं तर त्यांचं खरं आहे. पण ऋण संख्या या मुलाला कुठे भेटणार आहे? गिऱ्हाइकाला पंधरा मिळाले, गल्ला जुळला. फक्त एका ठिकाणी ही रेघ दगा देते. गिऱ्हाइकाने कमी पैसे दिले, समजा ८५ ला ८०, तर सरळ क्रमाने करणाऱ्याला रेघ दिसते आणि तो थांबतो. आमच्या उंच मुलाला मात्र नुसते ५ दिसतात आणि तो पाच रुपये वर देऊन मोकळा होतो. म्हणून त्याच्यापुरता नियम उलटा केला: रेघ आली की पैसे परत द्यायचे, रेघ नसली की आणखी मागायचे. बाईंनी कपाळाला हात लावला. त्याचे आजचे सगळे हिशेब बरोबर आले.

३.००

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, खऱ्या पैशांनिशी. एकेक मूल आत, मी पायरीवर. आज पाळी आमच्या स्वमग्न मुलीची. वस्तू दोन, मिळून ३८, हातात पन्नासची नोट. तिने कॅल्क्युलेटर काउंटरवर ठेवला, चार बोटांनी वरची सौर पट्टी झाकली, पडदा फिका पडला. हात सरकवला, परत केलं. १२. दुकानदारकाकांनी दहाचं नाणं दिलं आणि सवयीने दोन गोळ्या.

ती हलेना. कॅल्क्युलेटर त्यांच्यासमोर धरला. बारा. काका म्हणाले, ‘‘सुट्टे नाहीत गं, गोळ्या घे की.’’ ती म्हणाली, ‘‘बारा.’’ मागे रांग लागली. मी पायरीवरून उठले नाही. काकांनी शेवटी खालचा ड्रॉवर उघडला, दोनचं नाणं काढलं. गोळ्या तिने परत ढकलल्या. दुकानदार वैतागले होते, आणि मी बेहद्द खूश.

वाटेत तिने दहाचं नाणं मला दाखवलं. दहाचं आणि वीसचं नाणं जवळजवळ एकाच आकाराचं; दहाची बाहेरची कडी सोनेरी, वीसची रुपेरी, आणि वीसला बारा कोपरे. ती बोट फिरवून कोपरे शोधते.

४.१५

स्टॉलची रंगीत तालीम. गिऱ्हाईक म्हणून मावशी, शिपाईकाका, शेजारचा वर्ग. गेल्या वर्षी निम्म्याहून जास्त लोकांनी क्यूआर कोडवर पैसे भरले. तिथे वजाबाकी लागतच नाही. बेरीज करायची, पडदा गिऱ्हाइकाकडे फिरवायचा, पैसे आले की बोलणाऱ्या डबीतला आवाज किती रुपये म्हणतो ते ऐकायचं. ऐकायचं म्हटलं की पुन्हा पंचेचाळीसचं दुखणं. म्हणून मुलांना गिऱ्हाइकाच्या फोनवरचा आकडा बघायला लावतोय. लोक फोन पुढे करतात आणि लगेच खिशात टाकतात. ‘‘काका, थांबा, बघू द्या,’’ हे वाक्य आज सगळ्यांकडून घोकून घेतलं.

५.००

तालमीचा गल्ला मोजला. दहा रुपये जास्त. शिपाईकाकांनी पैसे परत घेतलेच नव्हते, मुलाने मागे लागून देऊनही. त्यांना सांगून आले, लाड करू नका, स्टॉलवर असं केलं तर पोरगा संध्याकाळपर्यंत अडून बसेल.

उद्याची तयारी: दहाच्या नोटा आणि पाचची नाणी लागतील. बँकेत नोटा नाहीत म्हणाले तर चौकातल्या भडंगवाल्याकडे जाईन. त्याच्याकडे डबाभर चिल्लर असते आणि शंभराच्या नोटेला तो आनंदाने मोड देतो.