पुनरावृत्त मापनांचे प्रचरण विश्लेषण : एसपीएसएस फलिताचे वाचन

एकाच विद्यार्थिगटाची चार वेळा चाचणी घेतल्यास एसपीएसएस एफ-मूल्याच्या चार ओळी देते. अनेक प्रबंधांत त्यातील ‘स्फेरिसिटी असम्ड’ ही पहिलीच ओळ उतरवलेली आढळते. तत्पूर्वी जॉन मॉक्ली यांची १९४० ची गोलीयता कसोटी पाहणे आवश्यक असते. मापनांच्या प्रत्येक जोडीतील फरकांचे प्रचरण समान आहे, ही तिची शून्य परिकल्पना. सार्थकता मूल्य ०.०५ पेक्षा कमी आल्यास ग्रीनहाऊस-गायसर ओळ वाचावी. तेथे एफ-मूल्य तेच राहते. स्वाधीनता मात्रा मात्र एप्सिलॉनने गुणल्यामुळे घटतात. एप्सिलॉन ०.६० असता ३ ऐवजी १.८० उरतात आणि सार्थक भासणारा निष्कर्ष निसटू शकतो. लहान नमुन्यात ही कसोटी दुबळी ठरते. म्हणून एप्सिलॉन नेहमीच तपासणे इष्ट. मापने दोनच असल्यास सार्थकतेच्या रकान्यात केवळ टिंब दिसते. ती संगणकाची चूक नव्हे. फरक एकच असल्याने तुलनेस दुसरे प्रचरणच नसते.