कला गजाआडची, प्रश्न समाजाचा

गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, याबद्दल सहसा दुमत नसते. मात्र शिक्षा भोगणाऱ्याने तुरुंगात काढलेल्या चित्राला बक्षीस द्यावे काय, असे विचारताच मतभेद सुरू होतात. ब्रिटनमधील 'कोस्लर आर्ट्स' या धर्मादाय संस्थेचे काम या मतभेदांना तोंड देतच चालते. कैद्यांच्या कलाकृतींना पुरस्कार देण्याची तिची परंपरा १९६२ पासूनची आहे.

या पुरस्कारांचे जनक आर्थर कोस्लर हे हंगेरीत जन्मलेले लेखक व पत्रकार. स्पेनमधील यादवी युद्धाचे वार्तांकन करताना १९३७ मध्ये फ्रँकोच्या सैन्याने त्यांना पकडले. सेव्हिलच्या तुरुंगात मृत्यूच्या छायेत त्यांनी दिवस काढले. पुढे फ्रान्समधील छावणी आणि लंडनचा पेंटनव्हिल तुरुंगही त्यांच्या वाट्याला आला. १९५५ मध्ये फाशीच्या शिक्षेविरोधी मोहिमेत ते अग्रभागी होते. कैद्याच्या मनाला काही उद्योग हवा, ही त्यांची तळमळ स्वानुभवातून आली होती.

दरवर्षी तुरुंग, सुरक्षित मनोरुग्णालये आणि स्थलांतरितांची स्थानबद्धता केंद्रे येथून चित्रे, शिल्पे, भरतकाम, कविता, संगीत अशा नाना प्रकारच्या प्रवेशिका येतात. तुरुंगाबाहेर राहून शिक्षा पूर्ण करणाऱ्यांनाही त्यात भाग घेता येतो. परीक्षण त्या त्या क्षेत्रातील जाणकार करतात. बक्षिसाची रक्कम माफक असते. परंतु अनेकांना आपल्या कामावर लेखी अभिप्राय मिळतो. निवडक कलाकृतींचे प्रदर्शन २००८ पासून लंडनच्या साउथबँक सेंटरमध्ये भरू लागले. २०१७ मध्ये शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी, तर २०२२ मध्ये चिनी कलावंत आय वेवे यांनी कलाकृतींची निवड केली. वेवे यांनी २०११ मध्ये स्वतः ८१ दिवसांची स्थानबद्धता भोगली होती.

या उपक्रमाची खरी कसोटी लागली ती २००९ मध्ये. संगीताच्या लिखित स्वरलिपीचे कागद वापरून घडविलेले एक नाजूक शिल्प लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मांडण्यात आले होते. ते दोन शाळकरी मुलींच्या खुन्याने बनविल्याचे उघड होताच संतापाची लाट उसळली आणि शिल्प हटवावे लागले. ज्यांच्या घरातील मूल गेले, त्यांनी खुन्याचे कौशल्य सार्वजनिक दालनात का पाहावे, या प्रश्नाला सोपे उत्तर नाही.

संस्थेने त्यातून काढलेली वाट मध्यममार्गी आहे. प्रदर्शनात कलावंताचे नाव दिले जात नाही. विक्रीच्या रकमेतील काही वाटा गुन्ह्यांची झळ पोहोचलेल्यांना आधार देणाऱ्या 'व्हिक्टिम सपोर्ट' या संस्थेला देण्याची प्रथा आहे. सुटकेनंतर काही कलावंतांना मार्गदर्शकही मिळवून दिला जातो.

चित्र काढल्याने माणूस सुधारतोच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तथापि बहुसंख्य कैदी कधी ना कधी बाहेर येणारच असतात. ते कोणत्या मनःस्थितीत बाहेर येतात, याची किंमत अखेर समाजालाच मोजावी लागते.