मिनिटाला बाराशे अक्षरं

एक कोडं घालतो. दुकानात साखरेचं मोठं पिंप आहे आणि पिंपाच्या तळाला तोटी. गिऱ्हाईक आलं की बरोबर पाव किलो साखर खालच्या पिशवीत पडली पाहिजे आणि तोटी आपोआप बंद झाली पाहिजे. वीज वापरायची नाही, हात लावायचा नाही. संगणकाचं तर नावच काढू नका. करा विचार.

"तराजू लावू," असं तुमच्यातले निम्मेजण म्हणतील. शाबास! एका पारड्यात पाव किलोचं वजन, दुसऱ्यात पिशवी. पिशवीचं पारडं खाली आलं की त्याला जोडलेली दांडी ओढली जाईल आणि तोटीचं झाकण मिटेल.

पण झाकण मिटलं त्या क्षणी काही साखर तोटीतून निघालेली असते आणि पिशवीत अजून पोचलेली नसते. अधांतरी! ती काही माघारी जाणार नाही, पिशवीतच पडणार. मग वजन जास्त भरणार का? गंमत अशी, की पडणारी साखर पारड्याला धक्काही देत असते. त्या धक्क्यामुळे पारडं वेळेच्या जरा आधीच खाली जातं. म्हणजे हवेतली साखर वजन वाढवते आणि धक्का ते कमी करतो. दोघांची बरीचशी फिट्टंफाट होते. तरी झाकण मिटायला थोडा वेळ लागतोच, आणि तेवढ्यात आणखी चार दाणे निसटतात. आता साखरेच्या जागी पीठ घ्या. पीठ आधी तोटीत अडून बसतं आणि मग एकदम भसकन खाली येतं. झाली का पंचाईत? साखरेसाठी जमवलेलं सगळं गणित पिठाला चुकतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका नियतकालिकाने अगदी अशीच स्पर्धा ठेवली होती. साखर, पीठ असा सुटा माल आपोआप तोलून देणारं यंत्र सुचवा आणि बक्षीस मिळवा. बक्षीस गेलं मुंबईला! ते पटकावणाऱ्याचं नाव शंकर आबाजी भिसे.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८६५ मध्ये, मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले होते. हा गॅस आपल्या सिलिंडरमधला नव्हे, दगडी कोळशापासून काढलेला. लालबागला राहणाऱ्या मुलांना 'गॅस कंपनी लेन' ठाऊक असेल. हा गॅस बनवणारी बॉम्बे गॅस कंपनी तिथलीच. कोळसा बंद भांड्यात घालायचा, हवा आत येऊ द्यायची नाही आणि भांडं बाहेरून खूप तापवायचं. हवाच नाही, मग कोळसा जळणार कसा? तो फुटतो. त्यातून जळणारा वायू निघतो, डांबर निघतं आणि तळाशी कोक उरतो. वायू नळांतून शहरभर फिरवायचा आणि दिव्यापाशी पेटवायचा.

शंकर चौदा वर्षांचा असताना त्याने कोळशापासून गॅस काढायचं यंत्र घरीच बनवलं. चौदा म्हणजे आठवी-नववी! (हा प्रयोग तुम्ही मात्र करायचा नाही. त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि तो माणसाचा जीव घेतो. शंकरच्या आईवडिलांचं त्या वेळी काय झालं असेल, याचा मी विचारच करत नाही.)

गॅस झाल्यावर पोराचं डोकं काही स्वस्थ बसलं नाही. आतला माल कुणी बदलला तर लगेच लक्षात येईल अशी बाटली, सायकलसाठी विजेची करामत, मुंबईच्या लोकलसाठी स्टेशन दाखवणारं यंत्र, असं एकामागून एक सुरू झालं. स्टेशनचं यंत्र ऐकून हसू नका. आज दादर यायच्या आत डब्यातला आवाज 'पुढील स्टेशन' सांगतो, दिव्यांची पट्टीही तेच दाखवते. तेव्हा गाड्या वाफेच्या होत्या आणि विजेवरची पहिली लोकल धावायला १९२५ साल उजाडायचं होतं. तुम्हाला त्या वाफेच्या गाडीत असं यंत्र बसवायला सांगितलं तर काय कराल? चाकाचे फेरे मोजाल? ब्रेक लागला की चाक घसरतं, फेरे चुकतात आणि तुमचं यंत्र परळला 'दादर' म्हणून मोकळं होतं. की रुळाशेजारी एक खुंटी रोवाल, जिच्यावर डब्याखालची दांडी आपटेल आणि आतलं दातेरी चाक एक घर पुढे सरकेल? मग परतीच्या गाडीचं काय? तिथे तेच चाक उलटं फिरायला हवं. सुचलं तर कागदावर काढून पाहा.

त्याच काळात भिसे यांनी मुंबईत शास्त्राची आवड असणाऱ्यांचा एक क्लब काढला आणि 'विविध कला प्रकाश' नावाचं मराठी मासिकही चालवलं. म्हणजे आत्ता मी जे काम करतोय तेही त्यांनी करून ठेवलं होतं.

तोलाईच्या यंत्राने नाव झालं आणि भिसे लंडनला निघाले. खिशात पत्र होतं मुंबईचे पुढारी दिनशा वाच्छा यांचं, आणि पत्ता दादाभाई नौरोजींचा. दादाभाई तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकात भेटतात ते १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेले पुढारी म्हणून. पण त्याआधी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते, हे फारसं कुणी सांगत नाही. यंत्राचा नकाशा समोर ठेवला तर त्यांना तो नीट वाचता येत असणार, असं मला आपलं वाटतं. त्यांनी या तरुणाच्या पाठीवर हात ठेवला, भांडवलाची जुळवाजुळव करून दिली. भिसे यांनी जाहिरातीसाठी विजेचा एक दिवा केला आणि तो लंडनच्या प्रसिद्ध क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकला. स्वयंपाकघरातली यंत्रं झाली, आपोआप पाणी सोडणारा संडासही झाला.

यांतल्या बऱ्याच शोधांची त्यांनी पेटंटं घेतली. पेटंट हा मोठा मजेदार सौदा असतो. तुम्ही सरकारला सगळं उघड करून सांगायचं, आकृत्या काढून, प्रत्येक भागाला आकडा देऊन, काही म्हणजे काही लपवायचं नाही. बदल्यात सरकार म्हणतं, ठीक आहे, आता इतकी वर्षं तुमच्या परवानगीशिवाय हे दुसरं कुणी बनवणार नाही. मुदत संपली की यंत्र सगळ्यांचं. भारतात पेटंटचा पहिला कायदा १८५६ मध्ये आला आणि त्याखाली पहिला अर्ज कशासाठी होता, सांगा पाहू? पंखा ओढायच्या यंत्रासाठी! कलकत्त्याच्या डीपेनिंग नावाच्या इंजिनिअरने तो केला होता. उकाडा माणसाला काय काय सुचवतो बघा.

आता येतं भिसे यांचं सगळ्यांत मोठं वेड. त्यासाठी आपण पुन्हा मुंबईत येऊ, गिरगावाच्या शेजारी कोलभाट गल्लीत. तिथे जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना होता, १८६९ पासूनचा. तिथले देवनागरी टाइप इतके देखणे, की त्यांची कीर्ती देशभर होती. अशा छापखान्यात प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा एक छोटा खिळा. कंपोझिटर खणांतून एकेक खिळा उचलायचा आणि ओळी जुळवायचा. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, तरच ते कागदावर सुलटं उमटतं.

खिळा तयार कसा होतो? आधी पोलादाच्या कांडीवर अक्षर कोरायचं, उलटं. ती कांडी तांब्याच्या तुकड्यावर ठोकायची, की तिथे सुलटा खळगा पडतो. त्याला म्हणतात मातृका. मातृका साच्याच्या टोकाला बसवायची आणि वितळलेला धातू ओतायचा. निघतं पुन्हा उलटं अक्षर, आणि छापलं की सुलटं. उलट, सुलट, उलट, सुलट!

धातूही नुसतं शिसं नव्हे. शिसं मऊ, लगेच दबतं. म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळतात. अँटिमनीमुळे खिळा कडक होतो. शिवाय हे मिश्रण थंड होताना फारच थोडं आकसतं, त्यामुळे अक्षराच्या कडा रेखीव येतात. आणखी एक नवल ऐका. शिसं वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला, अँटिमनीला सहाशेच्याही वर न्यावं लागतं. पण तिन्ही धातू योग्य प्रमाणात मिसळले तर मिश्रण साधारण २४० अंशांनाच पातळ होतं, शिशाच्याही कितीतरी आधी. सगळ्या खिळ्यांची उंची मात्र अगदी एकसारखी लागते. इंग्लंड-अमेरिकेत ती ठरलेली होती ०.९१८ इंच. एखादा खिळा केसभर बुटका निघाला तरी ते अक्षर कागदावर पुसट येतं.

परळ-लालबागच्या कारखान्यांत गणपतीची मूर्ती साच्यातून काढताना पाहिली आहेत ना? माल घट्ट व्हायच्या आत साचा उघडला तर सोंड साच्यातच राहते. खिळ्याचं तसंच. धातू थिजेपर्यंत थांबावंच लागतं. घाई चालत नाही. आणि घाई तर सगळ्या जगाला होती! रोजच्या वर्तमानपत्रांना लाखो अक्षरं हवी होती. १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात मर्गेनथेलर यांचं लायनोटाइप बसलं होतं. ते कळा दाबल्यावर अख्खी ओळ ओतायचं. लॅन्स्टन यांचं मोनोटाइप एकेक अक्षर ओतायचं, मिनिटाला साधारण दीडशे.

भिसे म्हणाले, बाराशे! त्यांच्या यंत्राचं नाव भिसोटाइप.

मिनिटाला बाराशे म्हणजे सेकंदाला वीस. एका खिळ्याला सेकंदाचा विसावा भाग. एवढ्यात एकाच साच्यात धातू भरायचा, थिजवायचा, बाहेर काढायचा? अशक्य. म्हणजे अनेक साचे एकदम राबवायला हवेत. ही कल्पना एकट्या भिसे यांची नव्हती. इंग्लंडातल्या विक्स नावाच्या गृहस्थांनी एका चाकावर चक्क शंभर साचे बसवले होते आणि त्यांचं यंत्रही मिनिटाला हजाराच्या आसपास जायचं. तेव्हा 'भिसे यांनी जगातल्या सगळ्या यंत्रांना आठपट मागे टाकलं' असं कुठे वाचलंत तर जरा जपून. तरी लंडनच्या नामांकित कॅसलन टाइप कारखान्यातल्या इंजिनिअरांनी या वेगावर मान हलवली होती. हे काही होणार नाही म्हणाले. १९०८ मध्ये भिसे यांनी ते करून दाखवलं.

मग यंत्र जगभर विकलं गेलं असेल? नाही हो. यंत्र चालतं करणं वेगळं आणि ते कारखान्यात शेकड्यांनी बनवणं वेगळं. त्याला पैसा लागतो. हिंडमन नावाच्या इंग्रज पुढाऱ्याने तो उभा करायचं कबूल केलं होतं. हे गृहस्थ समाजवादी, आयुष्यभर भांडवलदारांवर टीका करत आलेले, आणि आता त्यांनाच भांडवल शोधायचं होतं! नाही जमलं. दादाभाईही थकून भारतात परतले होते. १९०८ च्या डिसेंबरात भिसे मुंबईला निघाले. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या ओळखीने सर रतन टाटा मदतीला आले. (तुम्हाला माहीत असलेले रतन टाटा नव्हेत. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव.) १९१० मध्ये टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट निघालं आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. तोच १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. सिंडिकेटही फार टिकलं नाही.

पन्नाशीला आलेला माणूस इथे दमला असता. भिसे न्यूयॉर्कला गेले. १९२०च्या सुमारास तिथे स्वतःच्या नावाची कंपनी काढली आणि 'आयडियल टाइप कास्टर' नावाचं नवं, आटोपशीर यंत्र बनवलं. हे एका वेळी एकच अक्षर ओतायचं. मला मोठं यंत्र सोडून हेच जास्त आवडतं. का सांगू? लायनोटाइपला नव्वद कळा. इंग्रजीला त्या पुरून उरतात. पण आपल्या मराठीला काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो वेगवेगळे खिळे लागायचे. क्ष आणि ज्ञ कुठे बसवणार? खुद्द लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करायचा खटाटोप केला होता. एकेक अक्षर ओतणाऱ्या यंत्राला मात्र लिपीशी देणंघेणं नसतं. मातृका बदलली की ए च्या जागी क्ष.

भिसे न्यूयॉर्कमध्येच राहिले. १९३० मध्ये त्यांची एडिसनशी भेट झाली. लोक त्यांना 'भारताचा एडिसन' म्हणत, तो हा खरा एडिसन! ७ एप्रिल १९३५ रोजी भिसे वारले. त्यांच्या नावावर सुमारे दोनशे शोध आणि चाळीसेक पेटंटं सांगतात.

त्या पेटंटांची मुदत कधीच संपली आहे, म्हणजे ती आता तुमचीही आहेत. घरातल्या मोठ्यांना सांगून इंटरनेटवरच्या पेटंट-संग्रहात शोधा. इंग्रजीत ते आडनावाच्या शेवटी एक वाय जास्तीचा लावत, ते विसरू नका, नाहीतर सापडायचे नाहीत. आकृती सापडली की इंग्रजी वाचायच्या आधी नुसते आकडे पाहा. एक नंबरचा भाग हलला तर दोन नंबरचा कुठे जाईल, हे बोट ठेवून शोधत जा.