‘वेल व्हर्स्ड’ या इंग्रजी प्रयोगाचा शुद्ध उपयोग

महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीतच इंग्रजीचे अध्यापन सुरू झाले. खेड्यातील मुलांना इंग्रजी वाक्याचा पहिला नमुना बहुधा शिक्षकांकडूनच मिळतो. फळ्यावरील एक अशुद्ध प्रयोग वर्गातील प्रत्येक वहीत उतरतो आणि पुढे अर्जात व मुलाखतीतही मुलाची पाठ सोडत नाही. म्हणून ‘एखाद्या विषयाचे उत्तम ज्ञान असणे’ या अर्थी वारंवार येणाऱ्या ‘वेल व्हर्स्ड’ या प्रयोगाचा विचार अगत्याचा आहे.

या प्रयोगात तीन चुका विशेष आढळतात. पहिली, शेवटचा ‘ड’ गाळून ‘वेल व्हर्स’ लिहिणे. ‘व्हर्स’ म्हणजे पद्य. ‘व्हर्स्ड’ म्हणजे जाणकार. दोहोंच्या मुळाशी ‘वळणे’ या अर्थाचा एकच लॅटिन धातू आहे. नांगर शेताच्या टोकाला वळून नवे तास धरतो, तशी कवितेची ओळ वळते, म्हणून ती ‘व्हर्स’. जो एखाद्या विषयात सतत वावरतो, तो ‘व्हर्स्ड’.

दुसरी चूक शब्दयोगी अव्ययाची. ‘वेल व्हर्स्ड विथ’ असे पुष्कळदा लिहिले जाते. शुद्ध रूप ‘वेल व्हर्स्ड इन’ हे होय. येथे मराठीचा आधार घ्यावा. मराठीत ‘गणितात पारंगत’, ‘व्याकरणात निष्णात’ असे म्हणतात. ही सप्तमी म्हणजेच इंग्रजीतील ‘इन’. उलट ‘नियमांशी परिचित’ यात ‘शी’ येतो. तेथे ‘कॉन्व्हर्संट विथ’ हा प्रयोग योजावा. ‘विथ’ त्याचे आहे, ‘व्हर्स्ड’चे नव्हे.

तिसरी चूक अर्थाची. अभ्यासाने वा अनुभवाने मुरलेल्या ज्ञानासाठीच हा प्रयोग योग्य ठरतो. सभेची तारीख ठाऊक असलेला मनुष्य ‘वेल व्हर्स्ड’ होत नाही. त्याला ती केवळ माहीत असते. पीकपाण्याची जाण असलेला वृद्ध शेतकरी मात्र शाळेत न जाताही ‘वेल व्हर्स्ड इन फार्मिंग’ असतो.

वर्गात हा प्रयोग शिकविताना व्याख्या पाठ करून घेऊ नये. गावातील कुंभार, सुतार, सुईण यांपैकी कोण कशात निष्णात आहे, हे मुलांना विचारावे आणि प्रत्येकावर एक वाक्य रचून घ्यावे. त्यायोगे ‘इन’ आपोआप जिभेवर बसेल आणि ज्ञान केवळ पुस्तकातच असते, हा समजही दूर होईल.